सुभद्राबाईंची सात पानं

"पंत, ह्यात सुभद्रा कुठाय?"

भगवंतरावांनी स्मरणिका माझ्यापुढे टाकली. मी चिडलोच. धारच्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका मी सोळा वर्षं काढतोय. असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

"नाव छापलंय की! कै. सौ. सुभद्राबाई, ठळक टायपात."

"नाव आहे हो. बोलणं कुठाय तिचं?"

भगवंतराव शिंपीकाम करतात. त्यांचं गाव निसरपूर नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ते धारला आले. त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंना लिहिता येत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात अंथरुणावरून त्या गावाचं सांगत गेल्या, ह्यांनी सात पानं लिहून घेतली. दिवाळीनंतर त्या वारल्या. मी सात पानांचं एक पान केलं. तारीख, घरांची संख्या, नर्मदेची पातळी ठेवली. वास, आवाज, चव सगळं उडवलं. म्हटलं, हा काय फापटपसारा! वर निमाडी शब्द काढून शुद्ध मराठी बसवले. खूशही झालो, मूर्खासारखा.

"नातीला, चिऊला वाचून दाखवलं. म्हणाली, ये तो स्कूल की किताब जैसा है, आजी नाहीच ह्यात." त्यांनी स्मरणिका मिटली. "जाऊ द्या. आमची पानं तेवढी वापस द्या, बस."

छपाई झाली की मूळ कागद मी रद्दीत घालतो.

"भगवंतराव, ती पानं गेली हो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले.

"तुम्हांला आठवत असेल ना?"

"कुठलं! शाळा हिंदीतली. मराठी शब्द जुळवण्यातच जीव जायचा. तिच्याकडे लक्षच नव्हतं, पंत."

मी डोळे मिटले. छापलेली एकही तारीख आठवेना. खोडलेलं मात्र येऊ लागलं.

"चुलीत पाणी शिरलं, ओल्या राखेचा वास घरभर झाला," मी त्यांच्याच शब्दांत म्हणालो. "मग कोठीतून कुडकुड आवाज. आत गहू फुगत होता. मी कोठीला कान लावून बसले."

गाव बुडतं म्हणजे काय होतं, ते मला आत्ता कळत होतं.

भगवंतराव पुढे सरकले. "हां! अशीच बोलायची. आगे?"

"बाहेर तुम्ही ट्रॅक्टरवर सामान चढवून हाका मारत होता. शेवटी त्या उठल्या आणि कोठीला म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

सहावं पान तिथेच संपत होतं, पुढचं सातव्या पानावर होतं. ते पान मी न वाचताच आडवी रेघ मारून उडवलं होतं.

भगवंतराव माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिले.