पाहुण्यांशिवायचा शनिवार

"तो सिंह सोडून काहीही," पोळीचा तुकडा तोंडात कोंबत अभयने जाहीर केलं, आणि हेमचंद्रने लॅपटॉपवर मांडलेल्या सहलीच्या बेतातली पहिली ओळ मुकाट्याने पुसली.

सात वर्षांच्या पोराचं काही चुकत नव्हतं. बिशानच्या या फ्लॅटमध्ये संसार थाटल्यापासून हेमचंद्रने पुण्याहून येणाऱ्या तमाम नातलगांना सिंगापूर दाखवलं होतं. सकाळी तो पाणी ओकणारा सिंहाचा पुतळा, मर्लायन, दुपारी बाग, संध्याकाळी मुस्तफात खरेदी. तांजोंग पगारच्या ऑफिसात त्याला फारसं कुणी विचारत नसे, पण स्वारगेटपासून कोथरूडपर्यंत त्याच्या नावाचा दबदबा होता. कुणी "येऊ का?" म्हटलं, की याच्या तोंडून "या की" कधी निसटे, ते त्याचं त्यालाही कळत नसे. पोरं बिचारी दर सुट्टीत त्याच सिंहासमोर नव्या काका-काकूंबरोबर उन्हात डोळे बारीक करून उभी राहत.

आता मात्र ऑफिसने इथला गाशा गुंडाळला होता. नोकरीचा पास वाढून मिळणार नव्हता आणि जूनमध्ये कायमचं पुण्याला जायचं होतं. हे समजल्यापासून अकरा वर्षांच्या क्षिप्राने बापाशी बोलणंच टाकलं होतं. जे काही सांगायचं ते ती भावाला सांगे आणि भाऊ इमानेइतबारे पोचवी. हेमचंद्रला ते फार लागलं होतं. म्हणून हा शनिवार त्याने फक्त चौघांसाठी राखला होता. कुठे जायचं ते क्षिप्राने ठरवायचं. त्या निमित्ताने ती एकदा सरळ त्याच्याशी बोलली असती, तर त्याला दुसरं काही नको होतं.

तिने भावामार्फत कळवलं, की तिला बिशान बघायचंय.

"अगं, बिशानमध्ये तर आपण राहतो," हेमचंद्र म्हणाला.

"टेल हिम, ही ओन्ली स्लीप्स हिअर लाह," क्षिप्रा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत भावाला म्हणाली.

हा निरोप पोचवायची अभयला गरज पडली नाही. अनघाने, म्हणजे मुलांच्या आईने, हसू लपवायला फ्रिज उघडला आणि बराच वेळ त्यातच डोकं घालून राहिली.

शनिवारी सगळे बूट घालत असताना फोन वाजला. अनघाच्या मावसबहिणीचे सासरे, पद्माकरकाका. काकूंना घेऊन मुलाकडे सिडनीला निघाले होते. चांगी विमानतळावर दिवसभराचा थांबा होता आणि सिंगापूरचा व्हिसा त्यांनी मुद्दाम काढून ठेवला होता. हेमचंद्र असताना आपल्याला काळजी कसली, असं ते म्हणाले. दारात उभ्या क्षिप्राकडे पाहून हेमचंद्रने या खेपेला नाही म्हणायचं अगदी पक्कं केलं. "काका, आज जरा..." इथवर तो आलाही होता. पण काकूंनी पोरांसाठी खास साटोऱ्या करून आणल्यात, असं काका म्हणाले आणि त्याच्या जिभेने सवयीप्रमाणे घात केला.

"या की," तो म्हणाला.

अनघाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने घातलेला बूट परत काढला. क्षिप्रा रडली नाही की चिडली नाही. तिने भावाला सांगितलं, की येऊ देत त्यांना, पण सिंगापूर आज ती दाखवणार.

तासाभरात बिशान स्टेशनवर पद्माकरकाका उन्हाची टोपी घालून आणि काकू साडीवर कोरे करकरीत बूट चढवून हजर झाले. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे एरवी घरात मराठीची दोन वाक्यं बोलायची झाली तरी तोंड वाकडं करणारी क्षिप्रा घडाघडा मराठी बोलायला लागली. इमारतीखालच्या ज्या खांबावर तिने सायकल आदळली होती, तो खांब तिने दाखवला. न सांगता तिच्या पराठ्यावर जास्तीची साखर घालणारे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधले अंकल दाखवले. पार्कातल्या नदीकाठी सगळ्यांना पाणमांजरांची वाट बघत बसवलं. पाणमांजरं आली नाहीत. काका सभ्यपणे "वा, वा" करत होते, पण मधूनच मान उंच करून इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांनी हळूच अभयला विचारलं, की तो सिंह कधी.

"तो आज बिझी आहे," अभय म्हणाला.

मग क्षिप्रा सगळ्यांना आपल्या शाळेच्या बंद फाटकापाशी घेऊन आली. काकांनी भक्तिभावाने फाटकाचा फोटो काढला. इथे बघण्यासारखं काय आहे, हे हेमचंद्रलाही कळेना.

"पहिलीत मी इथे रोज रडायचे," क्षिप्रा काकूंना सांगत होती. "मराठीत रडायचे, म्हणून कुणाला कळायचं नाही. मग मेई लिंग माझा हात धरायची. अजून धरते. तिच्या घरी भांडण झालं, की मी तिचा धरते."

काकू म्हणाल्या, पुढच्या खेपेला आलो की तुझ्या मैत्रिणीला नक्की भेटव हो.

"पुढच्या खेपेला आम्ही इथे नसणार," क्षिप्रा त्याच आवाजात म्हणाली. "तुम्हीच भेटा. ती या झाडाखाली उभी असते."

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मंडळी पुढे निघाली.

हेमचंद्र तिथेच राहिला. या शहरातल्या सगळ्या इमारती किती मजली आहेत, ते त्याला पाठ होतं. आपली मुलगी रोज इथे रडत होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि मग डोळे भरून आले. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"बाबा," पुढून हाक आली. क्षिप्रा कोपऱ्यावर थांबून थेट त्याच्याकडे बघत होती. "मागे राहायचं नाही. ग्रुपबरोबर चालायचं."

"आलो, आलो," म्हणत हेमचंद्र लगबगीने निघाला, आणि पद्माकरकाकांच्या मागे जाऊन निमूट उभा राहिला.