चर्चमागचा संडास आणि दोन जावा

माझी आई आणि काकू सख्ख्या जावा. घर एक, स्वयंपाकघर एक आणि दोघींचं वेडही एकच, स्वच्छतेचं. आईने घासलेलं पातेलं काकू पुन्हा विसळायची आणि काकूने विसळलेलं आई उन्हात धरून बघायची. आळीतल्या बायका कुणाच्या घराचं कौतुक करायचं झालं तर "अगदी त्या दोन जावांसारखं" म्हणत, आणि हे बोल कानावर पडले की दोघींचा चेहरा दिवसभर खुललेला असे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात येशूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगितलं. त्या काळी हे काम घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं असे. "या चाळीस दिवसांत तुम्हीही एखादं असं काम हाती घ्या, जे कुणालाच नको असतं," ते म्हणाले. माझ्या डावीकडे आई होती, उजवीकडे काकू. दोघींनी एकाच वेळी मान डोलावली.

कुणालाच नको असलेलं काम म्हणजे चर्चमागचा संडास. सोमवारी सकाळी सहाला आई बादली घेऊन तिथे पोचली, तर काकू आतून खराटा मारत होती.

"अगं, तू कशाला? तुझी कंबर धरलेली असते," आई म्हणाली.

"तुमचे गुडघे दुखतात ना जाऊबाई, म्हणून म्हटलं आपणच जावं."

मंगळवारी आई साडेपाचला गेली. बुधवारी काकू पाचला. गुरुवारी दोघी घराच्या दारातच एकमेकींवर आदळल्या. मग वेळेची स्पर्धा संपली आणि सजावटीची सुरू झाली. काकूने खिडकीला झालरीचा पडदा लावला. आईने कोनाड्यात फुलदाणी ठेवली. काकूने साबणाच्या वडीला विणलेलं आसन केलं. आईने पाण्याच्या टाकीला भरतकामाचं झाकण घातलं. बाबा म्हणाले, "एवढी माया आपल्या घरच्या संडासाच्या वाट्याला आली असती तर मी वर्तमानपत्र तिथेच मागवलं असतं."

लोकांची मात्र पंचाईत झाली. एक निवृत्त मास्तर भर उपदेशातून उठून स्वतःच्या घरी जायचे. "तिथे व्याह्यांच्या दिवाणखान्यात शिरल्यासारखं वाटतं हो," ते बाबांना कुजबुजत म्हणाले, "दडपणाने काही होतच नाही."

हे काम मुळात ज्याचं होतं त्याचा विचार कुणीच केला नव्हता. आम्ही मुलं त्याला बादलीमामा म्हणत असू. चर्चची झाडलोट आणि संडास ही त्याची नोकरी. उपवासकाळाच्या शेवटच्या, म्हणजे पवित्र आठवड्यातल्या सोमवारी तो आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, ईस्टरनंतर मी येणार नाही," तो आईला म्हणाला. "चर्चच्या पंचांचे अध्यक्ष म्हणाले, बायका सेवा म्हणून करतात, मग माणूस कशाला ठेवायचा? बुधवारच्या सभेत ठरवून टाकतील."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. काकू तव्याकडे बघत उभी होती, तव्यावरचं करपत होतं.

"एक सांगून ठेवतो," मामा शांतपणे म्हणाला. "तुमच्या फुलदाणीतली फुलं आत पडतात नि पाइपात अडकतात. ती मी रोज दुपारी काढतो. त्याला तार लागते. तार खिडकीमागे खोचून ठेवली आहे, तुम्हाला सापडेल."

"रोज काढतोस?" काकूने विचारलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचा उपवासकाळ चालला होता ना. म्हटलं कशाला मोडता घालायचा."

तो गेल्यावर दोघींनी करपलेला तवा घासायला घेतला. शेवटी आईने मार्ग काढला. संडास घाण दिसला पाहिजे, म्हणजे पंचांना मामाची गरज कळेल. दोन दिवस धुवायचाच नाही. पण दडपणामुळे तिथे कुणी फिरकतच नव्हतं, त्यामुळे तो होता तसाच लखलखत राहिला. बुधवारी दुपारी मला चिखलाचे बूट घालून आत नाचायला पाठवलं. मी मन लावून नाचले. बाहेर येऊन बघते तर काकू माझ्यामागे फडकं फिरवत होती.

"अगं, काय करतेस?" आई म्हणाली.

"हात आपोआप फिरतो हो, मी काय करू."

आईने तिला बाजूला केलं, ओंजळभर चिखल फरशीवर टाकला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पदराने पुसून काढला.

संध्याकाळी सभा भरली. अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे आणि बोलायचेही टिकटिक केल्यासारखे, एकेक शब्द. त्यांनी दोन्ही जावांच्या सेवेची वाखाणणी केली, बादलीमामाच्या जागेचा विषय काढला आणि कुणाचा आक्षेप आहे का, म्हणून विचारलं. मामा दाराजवळ उभा होता.

काकू उठली. तिचे कान लाल झाले होते. समोर सगळ्या आळीतल्या बायका बसल्या होत्या.

"आम्हाला संडास धुता येत नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पण तो तर चकाचक असतो."

"वरवर. आतला पाइप आमच्यामुळे तुंबतो. तो रोज मामा साफ करतात. आम्ही फक्त पडदे लावले."

"खरं आहे," आई घाईघाईने म्हणाली, "हिला मुळीच जमत नाही." मग तिने बायकांकडे पाहिलं. "आणि मलाही जमत नाही. फुलं माझीच होती."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर उठले आणि मामा राहावेत आणि पडदा काढावा अशी त्यांनी दुहेरी सूचना मांडली. पाळकसाहेबांनी सगळ्यात आधी हात वर केला. पाठोपाठ सगळेच हात वर गेले.

उपवासकाळाचे तीन दिवस उरले होते, म्हणून दोघी मामाच्या हाताखाली रुजू झाल्या. पवित्र गुरुवारी सकाळी त्याने त्यांना तार कशी घालायची ते शिकवलं. मग फरशी तपासली आणि म्हणाला, "वहिनी, हा कोपरा राहिला."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना हे ऐकवत होतं.

"माझ्याकडून राहिला," आई म्हणाली.

"छे, तो कोपरा माझ्याकडे होता," काकू म्हणाली. "चूक माझी आहे, जाऊबाई."

"अगं, मी थोरली आहे. माझीच चूक."

"कुणाचीही असू दे," बादलीमामा म्हणाला आणि खराटा दोघींच्या मधोमध धरला. "घासा."