उजव्या हाताचा ट्रे

त्या खोलीत घड्याळ नव्हतं. माझ्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली ती तिथेच. तासाच्या हिशेबाने काम करणाऱ्या बाईच्या भिंतीवर घड्याळ नाही, म्हणजे ते कुठेतरी लपवलेलं असणार.

सहा वर्षं सासूबाईंच्या अंथरुणाशी काढून मी वकिलीत परतले होते. त्या गेल्या आणि महिन्याभरात आमच्या ऑफिसच्या साहेबांचा फोन आला, "या परत. तुमची खुर्ची आहे तिथेच आहे." खुर्ची होती खरी, पण तिच्याबरोबर या मार्गदर्शक बाईही आल्या. बाळंतपणानंतर येणाऱ्या, आजारपण काढून येणाऱ्या, एकदम मोठ्या पदावर बसलेल्या अशा वकील बायकांना पुन्हा पायावर उभं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. सहा बैठका, खर्च ऑफिसचा.

"खर्च ऑफिसचा?" नणंदेने भुवया उंचावल्या. "मग वहिनी, बाईही ऑफिसच्याच. तुमचं काय तिथे?"

ते मनात रुतून बसलं. कारण साहेबांना एक गोष्ट ठरवायची होती: शिंपीणबाईंचं अपील कोर्टात कोणी चालवायचं. त्यांच्या दुकानाचा दावा मीच दाखल केला होता आणि "शेवटपर्यंत मीच उभी राहीन" असा शब्द दिला होता. पहाटे अर्धा तास मौन आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, ही माझी रोजची व्रतं. आमचे कारकून काका म्हणतात, "वकीलबाई, यातलं एक जरी पाळलं तरी धंदा बुडायला पुरे आहे." पण दिलेला शब्द मोडणं हेही माझ्या लेखी खोटंच. ते अपील मला हवं होतं.

मार्गदर्शक बाई कमी बोलत. चष्मा कपाळावर चढवून विचारत, "मग?" नाहीतर, "तुम्हाला काय वाटतं?" साक्षीदाराला गाफील करायचं असलं की आम्हीही असंच विचारतो. समोर वही उघडी असे, पण त्या एक अक्षर लिहीत नसत. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. न लिहिणारा माणूस लक्षात ठेवतो.

म्हणून मीच लिहायला लागले. आमच्या ऑफिसचा जुना दंडक आहे: पक्षकार जिना उतरायच्या आत त्याच्या भेटीची नोंद कागदावर आली पाहिजे. बैठकीहून परतले की मी टेबलाशी बसून नोंद करी. तारीख, वेळ, पक्षकाराच्या जागी माझं नाव, बाईंनी काय विचारलं, मी काय सांगितलं. उद्या काही उलटलं तर हाताशी पुरावा असावा. घडी घालून कागद पर्समध्ये.

दोन बैठका मी जपून काढल्या. तिसऱ्या वेळी मात्र पाय घसरला. बाईंनी विचारलं, "शेवटचं कोर्टात उभ्या राहिलात, त्या दिवसानंतर कुठे उभं राहून बोललात का?"

"स्वयंपाकघरात," माझ्या तोंडून निघून गेलं. "ओट्यासमोर. रोज सराव करते. तिसऱ्या वाक्याला आवाज जातो. खोकला नाही, घसा दुखत नाही. नुसता जातो."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरच्यांनाही नाही. बाईंनी मान हलवली. वही कोरीच राहिली.

पुढच्या सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण घालत-काढत होते.

"अपील धाकट्या वकीलबाई चालवतील. तुम्ही त्यांना तयारी करून द्या. इतक्यात आवाजाला ताण नको."

आवाजाला! "माझ्या आवाजाबद्दल कोण बोललं, साहेब?"

"अहो, काळजीने म्हणतोय मी," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

त्याच संध्याकाळी मी मार्गदर्शक बाईंच्या दारात उभी राहिले. बसले नाही.

"तुमचं बिल कोण भरतं?"

"तुमचं ऑफिस."

"साहेबांशी बोलणं होतं?"

"एकदा झालं. किती बैठका झाल्या, तेवढं सांगितलं."

"आणि माझ्या आवाजाचं?"

"नाही."

"मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं. माझ्याकडे नोंदी आहेत," मी म्हटलं आणि पर्स उघडली. पहिला कागद टेबलावर ठेवला. त्यावर दुसरा. तिसरा काढायला हात आत घातला, तर हाताला चष्म्याचं घर लागलं, किल्ल्या लागल्या, रुमाल लागला. पर्स पालथी केली. तिसरा कागद नव्हता.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. मला वाटलं, आता हसणार. त्या हसल्या नाहीत.

"ऑफिसात नोंद लिहून झाली, की तुमचा हात कुठे जातो?"

हाताला माहीत होतं. टेबलाच्या उजव्या कडेला ट्रे असतो. लिहून झालेली नोंद त्यात टाकायची, कारकून काका ती फाईलला लावतात. मधली सहा वर्षं सोडता अठरा वर्षं हा हात तेच करत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात काका माझ्या आधी आलेले होते.

"काका, माझ्या ट्रेमधून एखादी वेगळी नोंद गेली का?"

"वेगळी कसली? पक्षकार म्हणून तुमचंच नाव होतं. म्हटलं, वकीलबाईंची स्वतःची काही केस दिसते. फाईल नव्हती, नवीन उघडली. आणि नवीन फाईल शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर जाते, हे काय तुम्हाला सांगायला हवं?" मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "चुकलं का काही?"

"तुमचं नाही, काका."

मी आधी मार्गदर्शक बाईंना फोन केला. "नोंद माझ्याच हातून गेली. तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा."

त्यांनी एवढंच विचारलं, "आता?"

"आता केबिनमध्ये जाते."

साहेबांच्या टेबलावर माझ्या नावाची ती पातळ फाईल होती. त्यांनी ती वर्तमानपत्राखाली सरकवली. मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण शिंपीणबाईंना शब्द मी दिलाय. ते अपील..."

गेला. ओट्यासमोर जातो तस्साच. साहेब अर्धवट उठले, पाण्याचा ग्लास पुढे करू लागले. मी हाताने त्यांना थांबवलं. पहाटेच्या मौनात बसते तशी डोळे मिटून उभी राहिले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"...मी चालवणार," मी म्हटलं. आवाज घोगरा होता, पण माझा होता.

"कोर्टात असं झालं तर?"

"तर न्यायाधीश थांबतील. तुम्ही थांबलातच की."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "धाकट्या बाई शेजारी बसतील," ते म्हणाले, आणि अपिलाची जाडजूड फाईल माझ्याकडे ढकलली.

टेबलाशी येऊन मी कागद घेतला. तारीख, वेळ. पक्षकार: मी. "स्वतः हजर. आवाज एकदा गेला, परत आला. अपील स्वतः चालवणार." सही केली आणि कागद उजव्या हाताच्या ट्रेमध्ये ठेवला, या वेळी बघून.