गोजरबाईच्या बारीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुने कारंजे आहे. चिखलीजवळच्या एका गावात उत्तमराव देशमुखांची हवेली आहे, तिच्यापुढच्या बागेत मी उभे आहे. लांबून लांबून लोक हवेली पाहायला येतात, गुलाबांचा वास घेतात आणि माझ्यापाशी थांबून वाहवा करतात. खरे सांगू? तेव्हा मला मान वर करवत नाही.

पाथरवटांनी मला काळ्या दगडातून घडवले. माझी चार सिंहांची तोंडे कोरायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. मोट विहिरीचे पाणी उंच हौदात टाकी आणि त्याच्या जोरावर मी उडे. मी भारी तोऱ्यात होते.

विहीर मात्र एकट्या हवेलीची नव्हती. ती खोदताना गोजरबाई माळणीच्या सासऱ्याने हाडे झिजवली होती, म्हणून आठवड्यातले तीन दिवस पाण्याची बारी तिची असे. नवऱ्यामागे ती एकटीच मळा करी. तिथे कांद्याचे बी पिके आणि सारे गाव तेच पेरी.

एका फाल्गुनात सांगावा आला, की अमरावतीहून मोठे साहेब बाग पाहायला येणार. कांद्याचे गोंडे नुकतेच फुलले होते. साहेब कधीही येतील, कारंजे बंद दिसायला नको, म्हणून उत्तमरावांनी गोजरबाईची बारीही माझ्यातच ओतली. साहेब आज येतात, उद्या येतात, असे करता करता नऊ दिवस गेले. त्या उन्हात अंगावर गार पाणी खेळत होते आणि मला बरे वाटत होते, हेही कबूल करते.

दहाव्या दिवशी साहेब आले. त्यांनी घोडे पाहिले, माझ्याकडे पाठ करून चहा घेतला आणि निघून गेले.

संध्याकाळी गोजरबाई आली. तिने पदरातले वाळके गोंडे उत्तमरावांपुढे तळहातावर चोळले. बी भरलेच नव्हते, नुसता भुसा उडाला.

"मालक, माही बारी कुठी गेली?"

"हवेलीच्या इज्जतीचा सवाल होता बाई."

"आन् गावानं आता पेरावं काय जी?"

उत्तमराव पाठ फिरवून हवेलीत गेले. मला तर चार तोंडे, पण त्यांतून नुसते तिचेच पाणी उडत राहिले.

त्या वर्षी गावात कांदा लागला नाही. गोजरबाई मळा सोडून शेगावला भावाकडे गेली, ती परत आली नाही.

मित्रांनो, कुठे कारंजे उडताना दिसले तर जरूर पाहा. पण आधी विचारा, आज पाण्याची बारी कोणाची? माझ्या बागेत हे विचारणारे आता कोणी उरले नाही. आठवड्याचे सातही दिवस पाणी माझेच आहे.