कोपऱ्यातली तिवई आणि भरलेला हॉल

मित्रांनो, माझ्यावर बसायचं असेल तर जरा जपून बसा, माझा एक पाय आखूड आहे. मी मुष्टियुद्धाच्या रिंगमधली जुनी तिवई. लढणाऱ्यांचे ठोसे सगळेच पाहतात. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो दमलेला माणूस कशावर टेकतो, हे कुणी विचारत नाही. तो माझ्यावर टेकतो.

मला घडवलं आमच्या बॉक्सिंगच्या तालमीत पोरांना शिकवणाऱ्या वस्तादांच्या मेहुण्यानं. तो सुतार होता. दाराच्या चौकटीचं लाकूड उरलं होतं, त्यातून त्यानं मला केलं आणि भाऊजींना सांगितलं की हिच्यावर खुशाल हत्ती बसवा. वस्ताद बसले आणि माझा पाय मोडला. हत्ती आला असता तर काय झालं असतं, देव जाणे. मेहुण्यानं पाय पुन्हा जोडला, पण तो आखूडच राहिला.

माझं काम छोटं. घंटा झाली की वस्ताद मला दोरांखालून आत सरकवत. मुलगा माझ्यावर कोसळे. पाण्याचा घोट, मानेवर बर्फ, कानात दोन शब्द. मिनिट संपलं की मला ओढून बाहेर. लढत मला फारशी दिसत नसे, पण बसण्यावरून सगळं कळे. ज्याचा जोर शिल्लक असे तो कडेवर टेकायचा. हरत आलेला अख्खा भार टाकायचा.

वस्तादांचा एक नियम होता. मुलाला आता लढवू नये असं वाटलं, की ते मला बाहेर काढतच नसत. घंटा होई, मी आतच असे आणि सामना तिथेच संपे. यामागे कारण होतं. तरुणपणी एका सामन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याला मार बसला होता. हॉल भरलेला होता, म्हणून त्यांना कुणी थांबवलं नाही. तो डोळा गेला.

तेव्हा हॉल नेहमीच भरायचा. न्हाव्याच्या दुकानात आमच्या सामन्यांची पोस्टरं लागायची. लोक खिडक्यांत बसून पाहायचे आणि चहावाल्याला हात पुरायचे नाहीत. मग हळूहळू मागच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, नंतर मधल्या. शेवटी पुढच्या रांगेत फक्त लढणाऱ्यांचे नातेवाईक उरले, आणि तेही आपल्या पोराची लढत झाली की घरी जायचे.

अशाच एका ओस सामन्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्याच हॉलमध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा जाळीचा पिंजरा उभा राहिला. त्यात ठोसा, लाथ, कुस्ती सगळं चालतं. त्या दिवशी दाराबाहेर रांग वळणापर्यंत गेली होती. वस्ताद आयोजकाशी भांडायला गेले. आयोजकानं शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला की मोठा बॉक्सिंग सामना असला की अजून सगळं जग टीव्हीपुढे बसतं, पैसाही तिथेच जास्त. पण तो सामना वर्षातून एखादा.

"मधल्या दिवसांत माझा हॉल कोण भरणार, वस्ताद? तुमच्याकडे चार संघटना, म्हणून एकाच वजनगटात चार-चार विजेते आणि ते एकमेकांशी लढतच नाहीत. का, तर त्यांच्या लढती भरवणाऱ्यांचं आपसात पटत नाही. पिंजऱ्यात एका संध्याकाळी दहा लढती, सगळ्या एकाच झेंड्याखाली, आणि सकाळी पोरांच्या फोनवर."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. वस्ताद तसेच परत फिरले. तो खोटं बोलत नव्हता.

आता वस्तादांच्या लेकीबद्दल सांगते. चालायला शिकली ती मला धरून. तिच्यासारखा उजवा हात मी दुसरा पाहिला नाही. पण ती मोठी झाली तेव्हा खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. जिंकल्यावर ती हात वर करायची आणि टाळी वाजवायला मामा आणि मावशी. एक दिवस तिनं बापाला सांगितलं, "बाबा, मला माणसांपुढे लढायचंय."

वस्तादांनी साफ नकार दिला. ती मात्र गुपचूप कुस्ती आणि लाथा शिकत राहिली. तिची पिंजऱ्यातली पहिली लढत ठरली तेव्हा त्यांनी मला पुसलं, काखेत मारलं आणि निघाले. तिथे लोखंडी स्टुलं होती. पण लेकीच्या कोपऱ्यात आमचीच तिवई जाईल, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

हॉल खचाखच भरला होता. पहिली फेरी तिनं ठोशांवरच जिंकली. लोक तिच्या नावानं ओरडत होते आणि ती माझ्या कडेवर टेकून हसत होती. दुसऱ्या फेरीत तिच्या डोळ्यावर कोपर बसलं. भोंगा वाजला आणि ती माझ्यावर बसली, अख्खी.

वस्तादांनी तिचा चांगला डोळा तळहातानं झाकला. दुसऱ्या डोळ्यापुढे हात धरला. "किती बोटं?"

"दोन."

त्यांची मूठ मिटलेली होती.

जाळीमागून आयोजक सांगत होता की हॉल उभा राहिलाय, पुढच्या वर्षाचा करार आजच होईल, एकच फेरी उरलीय. लेक उठू लागली. वस्तादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. 

"बाबा, तिवई काढा."

त्यांनी काढली नाही. पंचानं लढत थांबवली. ज्या हॉलनं तिला डोक्यावर घेतलं होतं, तोच आता शिट्ट्या मारू लागला.

"रिकाम्या खुर्च्यांपुढे लढले, तेव्हा एकदाही थांबवलं नाहीत," ती म्हणाली. "आज हॉल भरला आणि आजच? तुम्हाला माझी गर्दी बघवली नाही."

वस्तादांनी तिच्या डोळ्यावर बर्फ धरला. मूठ मिटलेली होती, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी डोळा वाचवला. आणखी एक मार बसला असता तर वाचला नसता, असं ते फक्त वस्तादांना म्हणाले. लेक बरी झाली आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेली. आता तिची पोस्टरं मोठमोठ्या भिंतींवर लागतात म्हणे. घरी फोन येत नाही.

तालीम बंद पडली. मी वस्तादांच्या खोलीत असते. तिची लढत असली की ते माझ्यावर बसून फोनवर बघतात, आवाज बंद करून, कारण लोकांचं ओरडणं त्यांना सोसत नाही. फेरी संपली की ते माझ्यावरून उठतात. ते मिनिटभर बाजूला उभे राहतात आणि मी तिच्यासाठी रिकामी असते. फेरी सुरू झाली की पुन्हा बसतात.

मित्रांनो, तुम्ही बॉक्सिंग बघा नाहीतर पिंजरा बघा, माझं काही म्हणणं नाही. ज्याला गर्दी होते त्याला होऊ द्या. फक्त एवढं करा. कुणी दमून खाली बसलेलं दिसलं, तर त्याला ऊठ ऊठ म्हणून ओरडू नका. आणि कुणी तुम्हाला हात धरून खाली बसवलं, तर घरी गेल्यावर एकदा त्याला विचारा, का बसवलंस म्हणून. वस्ताद अजून त्या प्रश्नाची वाट पाहत आहेत.