सरूबाईंना दाखवलेली बातमी

२००३ साली आमच्या विद्यापीठात, माध्यमांचा माणसांवर काय परिणाम होतो हे तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. एक खोली, एक टीव्ही, चार खुर्च्या आणि आतले दिसेल अशी एका बाजूला काच. माझ्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. बातमी जितकी जवळच्या गावची तितका विश्वास जास्त, असे मी वाचले होते. ते तपासायला एक खोटी बातमी मीच लिहिली. कागलच्या एमआयडीसीत बॉयलर फुटला, सहा कामगार दगावले. एका ओळखीच्या निवेदकाने ती वाचली, आम्ही कॅसेट केली.

येणाऱ्याला आधी विचारायचे, घरातले कोण कुठे कामाला आहे. कागलला कुणी असेल तर ही कॅसेट दाखवायची नाही. आणि प्रश्नावली भरेपर्यंत बातमी खोटी आहे हे सांगायचे नाही.

अनोळखी माणसाला घरचे विचारायचा मला फार संकोच. पेठ वडगावहून सरूबाई आल्या, साठीच्या. नाव, गाव, वय लिहिले आणि घरच्यांच्या कामाच्या रकान्यात न विचारता मी मनानेच 'शेती' लिहून टाकले.

बातमी संपायच्या आतच त्या उठल्या.

"माझा प्रसेनजीत तिथंच हाय. पहिल्या पाळीला गेलाय."

तेव्हाच सांगायला हवे होते. पण काचेपलीकडे विभागप्रमुख होते, माझ्या हातात प्रश्नावली होती. मी विचारले, "या बातमीवर किती विश्वास बसला? एक ते पाच सांगा."

"टीव्हीवर सांगत्यात म्हंजे खोटं आसंल व्हय, सायेब? कागलची एस्टी कुठं मिळंल, तेवढं सांगा की."

मी पाचवर खूण केली. खरेच केली.

सरूबाई व्हरांड्यात पोचल्यावर मी त्यांच्या मागे धावलो. "थांबा. कागलला काही झालेलं नाही."

"तुमास्नी कसं ठावं?"

मीच लिहिली, एवढेच म्हणायचे होते.

"टीव्हीवाल्यांची चूक झाली. आत्ताच फोन आला."

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या तोंडात साखर पडू दे." मग पदराने तोंड पुसले. "पर त्या टीव्हीवाल्यास्नी कळवा. आजून कुनाच्या आईनं बघितलं तर?"

"कळवतो," मी म्हणालो.

फाटकापर्यंत जाताना त्यांनी दोनदा वळून हात जोडले. दुसऱ्यांदा मी खांबाआड झालो.