मुंडकं शेठकडे

वर्षअखेरच्या जेवणात कोंबडी आली आणि छत्र्यांच्या कारखान्यातले सगळे एकदम गप्प झाले. अख्खी उकडलेली कोंबडी, मुंडक्यासकट. शेठ ते मुंडकं ज्याच्याकडे करील, त्याला नव्या वर्षात घरी बसावं लागणार, हे तैवानच्या चांगह्वात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मावशी, तुमच्याकडे वळलं तर तुमच्या वाटची तंगडी माझी हं," यंत्रावरचा अ-शुई कुजबुजला.

"मेल्या, गप बस!" पाव-चू म्हणाली. छत्रीच्या काड्या जोडणाऱ्या बायांची ती मुकादम. एरवी तिनेही चेष्टा केली असती, पण आज जीव टांगणीला लागला होता. मुलगा सक्तीच्या लष्करी नोकरीत, घर चालायचं ते तिच्या आणि सुनेच्या हातांवर. सून शू-हुई तिच्याच हाताखाली होती. तिला थायचुंगच्या रेडिओच्या कारखान्याने बोलावलं होतं आणि उद्या हो-नाही कळवायचं होतं. इकडे तर एकेक छत्रीवाला स्वस्त मजुरीसाठी समुद्रापलीकडे चीनला पळत सुटलेला.

लाय शेठने ताट सावकाश फिरवलं आणि मुंडकं स्वतःकडे करून थांबला. म्हणजे कुणीच जाणार नाही! हसण्याचा एकच गलका उठला, पेले भरले. घरी जाऊन पाव-चूने सुनेला सांगितलं, "रेडिओवाल्यांना नाही म्हणून टाक. घराजवळची नोकरी सोडून कशाला जायचं?" सुनेने तिचं ऐकलं.

नव्या वर्षाची सुट्टी संपली. मुहूर्ताचे फटाके वाजायच्या दिवशी बाया नटूनथटून आल्या, तर फाटकात ट्रक उभा आणि त्यावर काड्यांची यंत्रं चढलेली. पाव-चू तडक शेठपुढे जाऊन उभी राहिली.

"शेठ, मुंडकं तर तुम्ही स्वतःकडे केलं होतंत!"

"मग खोटं काय केलं? जाणारा मीच आहे." शेठची नजर मात्र जमिनीवर होती. "आधी बोललो असतो तर सुट्टीआधीचा माल कुणी पुरा केला असता? पाव-चूबाई, अमेरिकेचं गिऱ्हाईक दर वर्षी भाव पाडतं. सगळे गेले, मी एकटा राहून मरू?"

तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली. दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

"तुम्ही चला," तो म्हणाला. "तिथल्या पोरींना काड्या जोडायला शिकवा. पगार इथलाच देईन."

"आणि शू-हुई?"

"तिकडे पोरी काही कमी आहेत का?"

रेडिओवाल्यांची जागा केव्हाच भरली होती. पाव-चू हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरी सुनेने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सासूसाठी माळ्यावरची बॅग काढली आणि पुसायला बसली.

"आई, त्या पोरींना वाईट शिकवा," ती एकदम म्हणाली. "काड्या वाकड्या जोडू देत. मग येतील शेठ झक मारत परत."

पाव-चूने मनातल्या मनात एक काडी वाकडी जोडून पाहिली. बोटांनी ती आपसूक सरळ केली.

"नाही गं जमायचं मला ते, पोरी," ती म्हणाली आणि रडू लागली.